तीन किलोमीटरची डॉक्टर आणि डिझेलची मर्सिडीज

प्रश्न : मी सांगलीत स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, वय ४९. घर विश्रामबागला, हॉस्पिटल तिथून तीन किलोमीटर. दिवसातून दोन खेपा ठरलेल्या, रात्री कॉल आला तर तिसरी. गाडी मी स्वतः चालवते. इतकी वर्षं साध्या गाड्या वापरल्या, आता एकदाच मर्सिडीज ई-क्लास घ्यायची ठरवलीय. मिस्टर म्हणतात डिझेलच घे, ई २२० डी, मर्सिडीज म्हणजे डिझेल, आणि पुण्याला लेकीकडे महिन्यातून दोनदा जातोच, वर्षाचे पंधरा हजार किलोमीटर होतात. मला ई २०० पेट्रोल हवीय, डिझेलची ती घरघर नको. पण पेट्रोलमधल्या इथेनॉलबद्दल काय काय वाचतेय त्याची भीती वाटते. त्यात दिरांनी व्हॉट्सॲपवर पाठवलंय की डिझेल गाड्या दहा वर्षांनी भंगारात जाणार. सासू-सासरे बरोबर असले की पुण्याला आम्ही घरच्या डिझेल इनोव्हाने, ड्रायव्हर घेऊनच जातो कारण सासूबाईंना खाली वाकून बसता येत नाही, आणि ते बहुतेक वेळा असतातच. तर नेमकी कुठली घ्यावी?

उत्तर : डॉक्टर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना त्या सासूबाईंच्या वाक्यावर अडकलो. मिस्टरांनी पंधरा हजारांचा हिशोब मांडलाय तो बरोबरच आहे, पण ते पंधरा हजार किलोमीटर घरातल्या दोन गाड्यांचे मिळून आहेत ना. पुण्याचे किलोमीटर इनोव्हाच्या खात्यात जातात. नव्या गाडीच्या वाट्याला काय राहतं, तर विश्रामबाग ते हॉस्पिटल, हॉस्पिटल ते विश्रामबाग, दिवसाला बारा किलोमीटर, वर्षाला धरून चाला पाच हजार. आणि तेही तीन-तीनच्या तुकड्यांत. मला गाडीबद्दल कोणी विचारलं की लोक वर्षाचे किलोमीटर सांगतात, मी विचारतो एका दमात किती चालते ते सांगा. त्यावरच सगळं ठरतं.

म्हणून आधीच सांगून टाकतो, पेट्रोल घ्या. आता का ते बघू, कारण घरी मिस्टरांना समजवायचंय ते तुम्हालाच.

एप्रिल २०२० पासून देशभर गाड्यांच्या धुरावरचे बीएस सिक्स नियम आले तेव्हापासून डिझेल गाडीच्या पोटात एक गाळणी असते, डीपीएफ म्हणतात तिला. धुरातली काजळी ती अडवते. म्हणून आजच्या डिझेल गाडीच्या सायलेन्सरला बोट लावलं तरी पूर्वीसारखं काळं होत नाही. पण अडवलेली काजळी जाणार कुठे, ती तिथेच साचते आणि थोडी साचली की गाडी स्वतःच ती जाळून टाकते. जाळायला धूर साधारण ६०० डिग्रीपर्यंत तापवावा लागतो, त्यासाठी इंजिन जरा जास्तीचं डिझेल मारतं आणि हे काम सलग दहा-वीस मिनिटं चालतं, तेही इंजिन आधी चांगलं तापलेलं असेल तरच. हायवेला तुम्हाला पत्ताही लागत नाही. तुमच्या तीन किलोमीटरला किती वेळ लागतो, आठ मिनिटं? सिग्नल लागला तर दहा? म्हणजे इंजिन कुठे तापायला लागतंय तोवर तुम्ही हॉस्पिटलच्या पार्किंगला पोचलेल्या असणार आणि गाडी बंद. पुन्हा दुपारी तेच. रात्री दोनला कॉल आला की परत तेच, गार इंजिन, आठ मिनिटं, बंद.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये, पैसे घालवून शिकलोय. चार-पाच वर्षांपूर्वी मी एक सेकंडहँड जर्मन डिझेल सेडान घेतली, कंपनीचं नाव राहू दे, चूक कंपनीची नव्हतीच, माझी होती. घर कोथरूडला, ऑफिस चार किलोमीटरवर. पहिले सहा-सात महिने मी तिच्या प्रेमात. मग एक गोष्ट व्हायला लागली, संध्याकाळी सोसायटीत गाडी लावून बंद केली तरी पुढचा फॅन घोंघावत राहायचा, पाच-पाच मिनिटं, आणि जळकट वास. वॉचमन एकदा म्हणाला साहेब गाडी तापलीय तुमची. मी म्हटलं ऊन आहे. डिसेंबर होता! खरं म्हणजे गाडी बिचारी काजळी जाळत होती आणि मी रोज मध्येच तिचा गळा दाबत होतो. मग पिवळा दिवा लागला. वर्कशॉपवाल्यांनी कॉम्प्युटर लावून जबरदस्तीने जाळून दिली, दोन महिन्यांत परत दिवा, परत जाळली, तिसऱ्यांदा म्हणाले गाळणी बदला, आणि एस्टिमेट लाखात. वॉरंटीत बसत नाही का विचारलं तर म्हणाले वापरामुळे झालंय, बसत नाही.

मग मी आमच्या जुन्या मेकॅनिककडे नेली. त्याने डिपस्टिक काढली, फडक्याला पुसली, परत घातली, परत काढली, उजेडात धरली आणि नाकाला लावली. म्हणाला, "साहेब, लोकांचं ऑइल कमी होतं, तुमचं वाढलंय." वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं आणि वास चक्क डिझेलचा. काजळी जाळायला मारलेलं जास्तीचं डिझेल अर्धवट राहून सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरत होतं. पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन आणि टर्बो फिरत होते. तेव्हा मी डिझेलचा नाद सोडला असं नाही, वापर बदलला, दर शनिवारी सकाळी उठून साताऱ्याच्या दिशेने खंबाटकीपर्यंत जाऊन यायचं. बायको म्हणायची लोक कुत्र्याला फिरवतात, तू गाडीला फिरवतोस. तुम्हाला ओपीडी आणि डिलिव्हऱ्या सांभाळून हे जमणार आहे का, तुम्हीच ठरवा.

डीपीएफच्या शेजारी अजून एक बाब असते, डीईएफ, ट्रकवाले नुसतं युरिया म्हणतात. ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी, वेगळ्या टाकीत भरायचं, धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड मारायला. त्याचा त्रास फार नाही, सर्व्हिसला भरून देतात, मध्ये कमी पडलं तर स्क्रीनवर शेकडो किलोमीटर आधीपासून ओरड सुरू होते. फक्त ती ओरड दुर्लक्षून टाकी कोरडी केली तर गाडी एकदा बंद केल्यावर परत सुरू होत नाही, ती तशीच बनवलीय. रात्री दोनच्या कॉलला हे नको.

आता पैशाचं. खरं सांगू का, या किमतीची गाडी घेताना मायलेजचा हिशोब करणं मला जरा गमतीचं वाटतं, पण मिस्टरांना आकडे लागणार. हिशोबासाठी पेट्रोल ७५ लाख आणि डिझेल ७८ लाख धरू, दोघींत साधारण तीन लाखांचं अंतर असतं, तुमच्या कोटेशनमध्ये थोडंफार इकडेतिकडे असेल. जीएसटीने दोघींना सारखंच धरलंय, ४० टक्के, तिथे भेद नाही. भेद आपल्या आरटीओत आहे. महाराष्ट्रात २० लाखांच्या वरच्या गाडीला स्वतःच्या नावावर पेट्रोलला १३ टक्के रोड टॅक्स, डिझेलला १५. म्हणजे पावणेदहा लाख विरुद्ध अकरा लाख सत्तर हजार. किमतीतले तीन आणि हे जवळपास दोन, पाच लाख तुम्ही शोरूममधून बाहेर पडायच्या आधीच डिझेलसाठी जास्त मोजले. (हॉस्पिटलच्या कंपनीच्या नावावर घ्यायचा विचार असेल तर सीएला आधी विचारा, कंपनीच्या नावावर टॅक्स थेट २० टक्के लागतो.)

हे पाच लाख परत कधी येणार? पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ रुपये धरा. गावातल्या गावात गार इंजिनावर पेट्रोल लिटरला सात किलोमीटर देईल, डिझेल दहा. पाच हजार किलोमीटरला पेट्रोलचे ७४ हजार, डिझेलचे साडेपंचेचाळीस हजार. वर्षाला वाचले साडेअठ्ठावीस हजार. सतरा वर्षं. मिस्टरांचे पंधरा हजार किलोमीटर जसेच्या तसे मान्य केले, हायवे धरून पेट्रोलला दहा आणि डिझेलला चौदाचं मायलेज धरलं, तरी वर्षाला साठ हजारांच्या आसपास वाचतात, म्हणजे आठ वर्षं तरी लागणारच. तेवढ्यात गाळणीचं एक एस्टिमेट आलं की परत शून्यावर.

मिस्टरांना मी दोष देत नाही हं. आपल्या पिढीच्या डोक्यात डिझेल म्हणजे स्वस्त हे बसलंय त्याला कारण आहे. २०१२ च्या मे महिन्यात मुंबईत पेट्रोल ७८ च्या वर गेलं होतं आणि डिझेल ४५ च्या आसपास होतं, लिटरमागे ३३ रुपयांचा फरक! तेव्हा डिझेल न घेणारा वेडा. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलच्या किमतीवरचा हात काढला आणि फरक वितळत गेला, आज तेरा-चौदा रुपये उरलाय, पण डोक्यातलं गणित अजून २०१२ चंच. आणि मर्सिडीज म्हणजे डिझेल हेही अगदीच खोटं नाही, १९३६ ला २६० डी काढून डिझेलची मोटारगाडी कारखान्यात मालिकेने बनवायला सुरुवात त्यांनीच केली. पण आपल्या संभाजीनगरजवळ शेंद्र्याला ज्या ऑडी जुळतात, त्यांनी भारतात बीएस सिक्सच्या वेळी डिझेल सोडलं ते सोडलंच. व्होल्वो कार्सने तर २०२४ मध्ये जगभरातलंच डिझेल मोटारगाड्यांचं उत्पादन बंद केलं. २०१५ ला फोक्सवॅगनचं ते धुराच्या टेस्टमधल्या लबाडीचं प्रकरण बाहेर आलं, त्यानंतर युरोपात डिझेलचं वारं फिरलं, आणि धूर खरोखर स्वच्छ करायचा तर खर्च किती येतो हे सगळ्यांनाच कळलं. मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यू अजून आपल्याकडे डिझेल विकतात, कारण गिऱ्हाईक आहे. तुमचे मिस्टर आहेत ना.

आणि एक कबूल करतो, ज्याचं रोजचं काम सांगली-पुणे असेल त्याने ई २२० डीच घ्यावी, डोळे झाकून. १९७ हॉर्सपॉवर पेट्रोलच्या २०४ पुढे कमी दिसते कागदावर, पण ओढ बघा, ४४० न्यूटन मीटर विरुद्ध ३२०, आणि तीही १८०० आरपीएमला सगळीच्या सगळी हजर. भरल्या गाडीने घाट चढताना पाय फक्त ठेवायचा, दाबायचा नाही. कासेगाव-कऱ्हाड-सातारा करत पुण्याला पोचलात तरी काटा जेमतेम हललेला. ते सुख वेगळंच आहे, मी अजून विसरलो नाही. फक्त ते सुख तुमच्या घरात इनोव्हाचा ड्रायव्हर घेतोय.

घरघरीबद्दल म्हणाल तर तुमची भीती थोडी जुनी आहे. काचा लावून आत बसलात तर दोघींतला फरक शोधावा लागतो, आणि दोन्ही इंजिनांना ४८ व्होल्टची माइल्ड हायब्रीड, म्हणजे इंजिनाला हातभार लावणारी छोटी विजेची मोटर आहे त्यामुळे सिग्नलला बंद-चालू होताना झटका बसत नाही. पण पहाटे गार इंजिन सुरू करून बाहेर उभ्या राहा, मग ऐका. टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाले नेहमी तापलेली गाडी आणतात आणि बायपासला नेतात. तुम्ही सांगा, सकाळी गार गाडी द्या आणि माझ्या रस्त्याने नेते, स्पीडब्रेकरसकट. त्याच वेळी एक पारखून घ्या, ही ई-क्लास आपल्याकडे लाँग व्हीलबेसच येते, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर वाढवलेली, पाच मीटरपेक्षा लांब, मुळात मागे बसणाऱ्या मालकासाठी केलेली. तुम्ही स्वतः चालवणार, हॉस्पिटलच्या गेटमधून रात्री रिव्हर्स घेणार, तर ते एकदा करून बघा. पार्किंगच्या खांबाशी भांडण रोजचं होईल की काय ते तिथेच कळेल. मला विचाराल तर तुमच्या वापराला इतकी लांब गाडी लागत नाही, पण आयुष्यात एकदा घ्यायची आहे म्हणालात, मग मी कोण बोलणारा.

इथेनॉल. आता सांगलीकरांनी इथेनॉलला घाबरावं म्हणजे काय, ऊस आपलाच आहे की! चेष्टा बाजूला. ई२० म्हणजे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, आणि इथेनॉलमध्ये तेवढ्याच पेट्रोलच्या मानाने ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी असते, त्यामुळे मायलेज थोडं पडतं, हे खरं. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, सील यांचा प्रश्न वेगळा आहे आणि तुम्ही वाचताय त्या तक्रारी बऱ्याचशा त्या गाड्यांच्या. तुम्ही नवी कोरी घेताय. तरी बुकिंगच्या आधी सेल्समनला टाकीचं झाकण उघडायला लावा, आतल्या स्टिकरवर आणि मॅन्युअलमध्ये ई२० लिहिलंय का स्वतःच्या डोळ्याने बघा, त्याच्या तोंडी "हो हो मॅडम" वर जाऊ नका. इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या गाडीत जुनं पेट्रोल राहू देऊ नये. तुमची रोज चालणार, तुम्हाला ती अडचण नाही.

दिरांचा फॉरवर्ड अर्धा खरा आहे. दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल रस्त्यावर नको, हे दिल्ली आणि आसपासच्या एनसीआरपुरतं आहे, २०१८ ला सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्का मारला आणि तेव्हापासून तिकडे त्यावरून ओढाताण चालूच आहे. सांगलीला लागू नाही. आपल्याकडे पंधरा वर्षांनी फिटनेस करून, पर्यावरण कर भरून पुन्हा रजिस्ट्रेशन होतं, गाडी डिझेल असो की पेट्रोल. पुढचं कोणी सांगावं, जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने मुंबई महानगरात पेट्रोल-डिझेलच्या गाड्याच टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का ते तपासायला समिती नेमायला सांगितलं होतं, पण त्यातही एकटं डिझेल नव्हतं. तेव्हा या भीतीने पेट्रोल घेऊ नका, पेट्रोल घ्या ते तीन किलोमीटरसाठी.

पेट्रोल म्हणजे सगळं आलबेल असंही नाही. आठ मिनिटांच्या खेपा कुठल्याच इंजिनाला आवडत नाहीत, ऑइल नीट तापत नाही, त्यात ओलावा राहतो, बॅटरी पुरती चार्ज होत नाही. पेट्रोल ते सहन करतं इतकंच, त्याचा धूर मुळात जास्त गरम असतो. म्हणून दोन गोष्टी. किलोमीटर कितीही कमी होवोत, ऑइल वर्षाला बदलायचंच, "मॅडम पाच हजारच झालेत, पुढच्या वर्षी बघू" असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. आणि महिन्यातून एकदा तरी गाडी मोकळी सोडा, कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन घेऊन या, तासाभराचा रस्ता, इंजिनाचंही भलं आणि तुमचंही.

खरं तर बारा किलोमीटर रोज, बंगल्यात स्वतःचं पार्किंग, असा वापर असेल तर इलेक्ट्रिक सगळ्यात चपखल बसते, पण ते तुम्ही विचारलं नाही आणि घरात आधीच डिझेल-पेट्रोलचं युद्ध चालू आहे, तिसरा पक्ष मी उतरवत नाही. मनात आलं तर बुकिंगच्या आधी एक चक्कर मारून बघा, एवढंच.

बुकिंग करताना "मॅडम डिझेल स्टॉकमध्ये आहे, उद्या देतो, पेट्रोलला दोन महिने" असं म्हणतील. थांबा दोन महिने. स्टॉकमधली गाडी कुठल्या महिन्यात बनलीय ते चेसिस नंबरवरून लेखी मागा, चाकणला जुळते ही गाडी, काही जहाजातून यायची नाहीये.

शेवटचं, आणि हे मिस्टरांना नाही तर ड्रायव्हरला सांगायचंय. आता घरात दोन गाड्या, एक डिझेल, एक पेट्रोल, आणि पंपावरचा पोरगा तुमच्या ड्रायव्हरला रोज इनोव्हासोबत बघतो. एखाद्या दिवशी तुम्ही ऑपरेशनमध्ये असताना ड्रायव्हर नवी गाडी भरून आणायला जाईल आणि तो पोरगा सवयीने डिझेलचं नोझल उचलेल. पहिल्याच दिवशी झाकणाच्या आत मोठ्या अक्षरात पेट्रोल लिहून चिकटवा, दिसायला वाईट दिसलं तरी चालेल. आणि ड्रायव्हरला नीट सांगून ठेवा की चुकून डिझेल पडलंच तर लपवायला म्हणून गाडी सुरू करून घरी आणायची नाही, बटणाला हातसुद्धा लावायचा नाही, न्यूट्रलला टाकायला लागतं तेही टोइंगवाल्याकडून करून घ्यायचं. टाकी रिकामी करून धुऊन घेणं काही हजारांत निभावतं. सुरू केली की पंप, इंजेक्टर सगळं उघडावं लागतं. त्याला हेही सांगा की चूक कळवली तर ओरडणार नाही, नाहीतर तो कळवायचाच नाही.